मोहाच्या माळावरची खाण

नानांनी सबंध हयातीत एकच शोध लावला आणि तो खोटा निघाला. नाना म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आमच्या घरातले कर्ते. काकू लवकर गेली, मूलबाळ नव्हतं, त्यामुळे घरावर आणि घर आवरून झालं की गावावर हुकूम चालवायला त्यांना भरपूर वेळ असे. म्हसावदच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. त्या काळी हा सगळा मुलूख धुळ्याच्या हाताखाली होता, आणि धुळ्याच्या साहेबांना आमचं गाव नकाशात शोधायला भिंग लागलं असतं. अशा गावात दगडी कोळसा आहे असं नानांनी एका दुपारी ठरवून टाकलं. त्यांच्या डोक्यात एखादी गोष्ट शिरायला फार वेळ लागायचा, पण एकदा शिरली की आत तिला दुसरी सोबत नसल्यामुळे ती तिथे ऐसपैस राहायची.

ज्या माळावर ही खाण निघणार होती त्याविषयी आधी सांगायला हवं, कारण पुढे ज्यांनी ज्यांनी त्या माळाबद्दल साहेबलोकांना सांगितलं त्यांनी ‘तिथे काही नाही’ असंच सांगितलं. गावातून निघालं की कापसाची वावरं संपायची, मग एक चढ लागायचा आणि चढ संपला की माळ. डाव्या हाताला उंबरी नाला. त्याला उन्हाळ्यातही एका डोहात पाणी असे आणि त्या डोहात बोटाएवढे मासे आणि दगडाखाली खेकडे असत. उजवीकडे पळस, टेंभुर्णी, चारोळी, बिब्ब्याची दोनचार झाडं, आणि वर डोंगर सुरू व्हायच्या आधी भिल्लांचा पाडा. मधे सगळा मोह. जुने, जाड बुंध्याचे, दोन माणसांनी हात धरले तरी मिठीत न मावणारे मोह. होळीनंतर त्यांची पानं झडून जात आणि पहाटेपासून फुलं गळायला लागत. पिवळसर, रसाळ, जाड फुलं. ती पाचोळ्यावर पडताना टप टप असा आवाज येई, आणि वास असा की पहिले दोन दिवस छान वाटायचा, तिसऱ्या दिवशी डोकं धरायचं. त्या वासाला माणसं येत, गुरं येत, भेकरं येत आणि डोंगरातून अस्वलं येत. अस्वलाच्या आधी पोहोचायचं म्हणून पाड्यावरच्या बाया तांबडं फुटायच्या आत टोपल्या घेऊन हजर असत, आणि आपण आलोय हे अस्वलाला कळावं म्हणून मोठमोठ्यानं बोलत राहत. आमच्या ओट्यावर झोपलेल्या मला चैत्रातली सकाळ आधी त्या बायांच्या बोलण्यानं कळे, मग टिटवीच्या ओरडण्यानं.

जमीन कागदावर आमची होती. झाडं मात्र आमची नव्हती. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण माझ्या आजोबांच्याही आधीपासून ते तसंच होतं. पाड्यावरच्या प्रत्येक घराचा मोह ठरलेला. आपल्या मोहाखालचा पाचोळा फाल्गुनात ज्यानं त्यानं जाळायचा, म्हणजे खालची भुई स्वच्छ होते आणि पडलेली फुलं उठून दिसतात. दुसऱ्याच्या झाडाखालचं एक फूल कुणी उचलायचं नाही. आणि पाड्यावरची मुलगी लग्न होऊन सासरी गेली की बाप तिला एक मोह देई. देई म्हणजे झाड काही तिच्याबरोबर जात नसे. झाड जिथल्या तिथे राही आणि ती दर चैत्रात आपला मोह वेचायला माहेरी येई. सासरची माणसं कितीही अडवणारी असली तरी मोह वेचायला निघालेल्या बाईला कुणी अडवत नसे. शिकल्यासवरल्या आमच्या घरांत मुलीला दागिने देत, भांडी देत, पण माहेरी यायचं कारण कुणी देत नसे. ते पाड्यावर देत.

गोमीला असा मोह मिळाला होता, माळावरचा सगळ्यांत थोरला. गोमी सामाची मुलगी. सामा आमच्या खळ्यातलं काम करायला रोज पाड्यावरून उतरून येई आणि तिच्याबरोबर गोमी, म्हणून गोमी आणि मी एकाच खळ्यात वाढलो. दगड कुठल्या बाजूनं उचलला म्हणजे खेकडा चावत नाही हे मला तिनं शिकवलं. मी तिला बाराखडी शिकवायला गेले, तेव्हा तिनं ‘क’ काढून झाल्यावर ‘बस, आते गंज व्हयनं’ म्हणून पाटी माझ्या हातात परत दिली. तिचं लग्न माझ्या आधी झालं, तोरणमाळच्याही पलीकडे. डोंगरातून पायी यायचं म्हणजे वाटेत एक मुक्काम. सासू खाष्ट होती. वर्षातून एकदा, मोहाच्या दिवसांत, तिला घरचं तोंड दिसे.

आता नानांचा शोध. नानांना केळी लावायची होती, केळीला पाणी हवं, म्हणून त्यांनी माळावर नाल्याकाठी विहीर खणायला घेतली. खणणारे पाड्यावरचेच. खांद्याएवढं खोल गेल्यावर मातीत काळा पट्टा लागला. काळा, भुसभुशीत, हाताला काजळी लावणारा. खणणाऱ्यांनी लगेच पावडी बाजूला ठेवली. कारण तो काय आहे हे त्यांना माहीत होतं, सामाला माहीत होतं, माझ्या आईला माहीत होतं, आणि नानांनाही माहीत होतं. पाड्याची होळी पूर्वी तिथे पेटायची. डोंगरातून लांबलचक बांबू आणायचा, हातांनीच खड्डा खणून तो उभा करायचा, पेटवायचा, आणि राख तिथल्या तिथे मातीआड करायची. दरवर्षी त्याच जागी, पिढ्यान् पिढ्या. आजोबांच्या काळात नाल्यानं काठ कापला, गाळ चढला, होळी थोडी वर सरकली. लहानपणी नाना स्वतः तिथे नाचलेले. 

‘नानाबा, हाई आम्हनी जुनी होयी शे,’ खणणाऱ्यांतला म्हातारा म्हणाला. ‘आठे पावडं चालत नही.’

‘होयी व्हती तवय व्हती,’ नाना म्हणाले. ‘आते आठे कोयसा शे.’

आणि त्यांनी मूठभर काळी ढेकळं उपरण्यात बांधून घरी आणली, आईच्या चुलीत टाकली आणि उकिडवे बसून फुंकत राहिले. ती लाल झाली. लाकडाचा जुना कोळसा, तो लाल होणार नाही तर काय हिरवा होणार? पण नाना उठले ते खाणीचे मालक होऊनच उठले. खरा दगडी कोळसा त्यांनी जन्मात एकदाच पाहिला होता, नवापूरच्या स्टेशनात, इंजिनाच्या पोटात, तोही लांबून. तेवढ्या भांडवलावर त्यांनी त्या दिवशी जेवताना नंदुरबारहून तापी ओलांडून आमच्या माळापर्यंत आगगाडी आणली. वडील खाली मान घालून उडदाची डाळ आणि कळण्याची भाकर खात होते. ते नानांपुढे कधी बोलत नसत. लोक याला मर्यादा म्हणत आणि वडिलांचं कौतुक करत. मी ते कौतुक कधी केलं नाही, आजही करत नाही.

एकट्या नानांचा मूर्खपणा घरातच जिरला असता. पण निवडणुका जवळ आल्या होत्या आणि शहाद्याच्या एका पुढाऱ्याला भाषणात सांगायला काहीतरी हवं होतं. त्यानं ती ढेकळं रेशमी रुमालात बांधून धुळ्याला नेली आणि येताना टोपीची इस्त्री न मोडता सांगितलं की वरून लक्ष घातलं जात आहे. वरून म्हणजे कुठून, ते त्याला विचारायची कुणाची छाती नव्हती. थोड्याच दिवसांत माळाच्या तोंडाशी पत्र्याची पाटी उभी राहिली, ‘नियोजित कोळसा खाण’. रंगाऱ्यानं ‘नियोजित’ हा शब्द बारीक आणि ‘कोळसा खाण’ जाड काढलं होतं, ते काही चुकून नव्हे. म्हसावदच्या बाजारात लोक नानांना रामराम घालायला थांबू लागले. नानांनी न्हाव्याला घरी बोलावणं सुरू केलं. पायात करकरणारा जोडा आला, आणि तो करकर वाजत खळ्यात शिरला की चुलीपाशी आई पदर आणखी खाली ओढून घेई. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोनं जेठापुढे तोंड उघडायचं नाही, अशी रीत होती. आई त्या घरात आली तेव्हापासून नानांशी एक शब्द बोललेली नव्हती. मीठ कमी पडलं तर नाना ते भिंतीला सांगत आणि आई ते भिंतीआडून पाठवी.

चैत्रात, फुलं गळत असतानाच, धुळ्याहून जीपमधून साहेब आले. हे कोळशाचे साहेब नव्हते. कोळसा तपासणारे मागून येणार होते. खाण होणार त्या जागेच्या आजूबाजूला काय काय आहे, झाडं कुठली, पाणी किती, जनावरं कुठली, वस्ती कुणाची, हे पाहून लिहून न्यायचं हे यांचं काम. काम चांगलं होतं हो. कुणी मनापासून केलं असतं तर त्या माळाचं भलंच झालं असतं. पण साहेबांना आधी जेवायला बसवलं गेलं. आईनं आणि सामानं आदल्या दिवसापासून राबून खापरावर मांड्यासारख्या पातळ पुरणपोळ्या केल्या होत्या, त्यावर आमरस, तूप, गवारीची भाजी, तळलेल्या बिबड्या. साहेब असे जेवले की उठताना त्यांना हात द्यावा लागला. मग ऊन उतरेपर्यंत ते नानांच्या बाजेवर घोरले. मग चार पावलं माळावर. शब्दशः चार नाहीत, पण पॉलिश केलेल्या बुटांना जेवढी माती सोसेल तेवढीच. 

मी आणि गोमी तिच्या मोहाखाली वेचत होतो, त्यामुळे सगळं ऐकलं.

‘इथे काय काय आहे?’ साहेबांनी विचारलं.

‘काही नाही शे साहेब,’ नाना म्हणाले. साहेबांपुढे ते पुस्तकी मराठी बोलायचा प्रयत्न करत आणि मधेच घसरून ‘आहे’चं ‘शे’ आणि ‘आहेत’चं ‘शेत’ करत. ‘पडीक माळ शे.’

‘ही झाडं?’

‘जंगली शेत साहेब. कुणाच्या कामाची नाही.’

‘पाणी?’

‘नाला शे. त्याला काही अर्थ नाही.’

‘रानटी जनावरं वगैरे?’

‘छे छे. ससा असला तर असला.’ त्याच आठवड्यात अस्वलानं नानांच्याच गड्याला अर्धा दिवस पळसावर चढवून ठेवलं होतं.

‘आणि ती घरं?’

‘भिल्ल लोक शेत. त्यांचं काय साहेब, आज आठे, उद्या तठे.’ ज्या पाड्याकडे बोट दाखवून ते हे म्हणाले तो आमच्या घराहून जुना होता. आमचा पणजा त्या पाड्याच्या सोबतीनं इथे येऊन राहिला होता. साहेब प्रत्येक उत्तराला मान हलवत होते आणि लिहीत होते. बायका त्यांच्यासमोर टोपल्या भरत होत्या, डोळ्यांदेखत माळ त्यांच्या वर्षाची बेगमी करत होता, आणि साहेब खाली ‘काही नाही’ लिहीत होते. मग त्यांची नजर मोहाखालच्या भुईवर गेली. पाचोळा जाळलेला असल्यामुळे ती काळीभोर होती. साहेबांनी छडीनं ती उकरली.

‘ही माती काळी कशी?’

नानांचे डोळे लकाकले. ‘वरपर्यंत आला शे साहेब!’

आणि त्या शिकलेल्या माणसानं, देवाशपथ सांगते, ती पाचोळ्याची राख चिमटीत घेऊन पुडीत बांधली. सोबतचा तलाठी जोरात खोकला. महिन्यापूर्वी हाच माळ जळताना त्यानं पाहिला होता. पण तलाठी नुसता खोकला, बोलला नाही. गोमी टोपलीत तोंड घालून हसत होती, मीही. आम्हाला वाटलं, किती गंमत आहे. जीपमध्ये बसता बसता साहेब नानांना म्हणाले, ‘एक आहे. झाडं फार दिसतात. हे जंगल खात्याकडे गेलं की लोंबकळत पडेल. मोकळी जागा असली की काम लवकर होतं.’ आणि धूळ उडवत गेले. त्यानंतर मी हसल्याचं मला आठवत नाही.

मोहाची फुलं संपली, गोमी वाळवलेली फुलं डोक्यावर घेऊन सासरी गेली, आणि नानांनी माळ मोकळा करायचं काढलं. पाड्यावरचा एकही माणूस कुऱ्हाड घेऊन येईना. मोहावर त्यांची कुऱ्हाड चालत नाही. मग नवापूरकडून मजूर आणायचं ठरलं. ते येणार त्याच्या आदल्या दिवशी सामा खळ्यात आली. झाडू तिनं हातात घेतला नाही, नानांच्या बाजेसमोर जमिनीवर बसली.

‘नानाबा, मी बठास्नं सांगत नही,’ ती म्हणाली. सगळ्या झाडांचं तिचं म्हणणं नव्हतं. ‘गोमीनं झाड ऱ्हाऊ द्या. झाड नही तं तिले तठून कोन येऊ दी?’

नाना पानाला चुना लावत होते. ‘अवं, खान सुरू व्हई ना, मंग तिले कामले बलाव,’ ते म्हणाले. ‘तिन्हा नवराले बी बलाव. मंग बारा महिना माहेरच माहेर.’ आणि आपल्या विनोदावर स्वतःच हसले. घरात आईचा भाकर थापायचा आवाज थांबला. मी पाहिलं, ती परातीवर हात ठेवून बसली होती आणि तवा रिकामाच तापत होता. वडील ओट्यावर सुंभ वळत होते. सुंभ वळत राहिले. सामा उठली, झाडू घेतला आणि खळं झाडून गेली, कारण तिला घरी भाकर न्यायची होती.

वैशाखभर घाव ऐकू येत. आमच्या ओट्यावर बसलं की आधी कुऱ्हाडीचा एकसारखा आवाज, मग थोडी शांतता, मग झाड पडल्याचा, आणि त्यानंतर पोपटांचा कलकलाट, कारण त्यांची पिल्लं ढोलीत होती. पाड्यावरची माणसं घरांपुढे बसून बघत. कुणी भांडायला आलं नाही. त्याचा अर्थ गावानं असा काढला की त्यांना काही वाटत नाही. आमच्या गावाला दुसऱ्याच्या गप्प बसण्याचा अर्थ नेहमी स्वतःच्या सोयीनं कळतो. गोमीचं झाड सगळ्यांत शेवटी पाडलं. बाकीचे ओंडके मालमोटारीतून शहाद्याकडे गेले, पण त्याचा बुंधा मोटारीत चढेना आणि करवतीला दाद देईना. नाना म्हणाले, घराला नवा दरवाजा करू, साहेबलोक येतील. म्हणून चार बैलजोड्या लावून तो ओढत आणला आणि पडवीत भिंतीला लावून ठेवला. त्याच्या सालीवर गोमीच्या बापानं लग्नात ओढलेली शेंदराची रेघ अजून होती.

कोळशाचे खरे साहेब पावसाळ्याच्या तोंडावर आले. किडकिडीत माणूस, खांद्याला पिशवी, पिशवीत हातोडी. ते जेवायला थांबले नाहीत, थेट माळावर गेले. विहिरीच्या काठाशी दोरी मागितली, उतरले, वर आले. हातात एक काळा तुकडा होता. तो त्यांनी नखानं खरवडला आणि नानांच्या हातावर ठेवला.

‘बांबूचं पेर आहे हे,’ ते म्हणाले. ‘दिसतंय? अर्धवट जळलेलं. इथे माणसांनी पूर्वी काहीतरी जाळलं आहे. खाली सगळा काळा पाषाण. खाणीचा इथे प्रश्नच येत नाही.’ मग त्यांनी माळभर पाहिलं. ओले बुडखे सगळीकडे उभे होते, काहींतून अजून चीक वाहत होता. ‘ही झाडं आत्ताच तोडलेली दिसतात. कशासाठी?’

‘साहेब, तुमच्याचसाठी,’ नाना म्हणाले. ‘मोकळं केलं.’

साहेबांनी हातोडी पिशवीत टाकली आणि चालू लागले. चहाला थांबले नाहीत. आम्ही आग्रहही केला नाही, कारण आईनं दूध चुलीवर ठेवलंच नव्हतं. पुढाऱ्यानं पुढे कोळशाचं नाव काढलं नाही आणि तो निवडून यायचा तो आलाच. ती पत्र्याची पाटी वाऱ्यानं आडवी झाल्यावर आईनं उचलून आणली आणि कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण म्हणून टाकली. वर ‘नियोजित’ एवढंच दिसे आणि त्यावर कोंबडा उभा राहून आरवे.

माळाचं काय झालं ते मात्र कुणी लिहून नेलं नाही. पाऊस पडला तशी मोकळी माती वाहून नाल्यात आली, डोह बुजत गेला, खेकडे दिसेनासे झाले. बुडख्यांना फूट आली ती नानांच्या शेळ्यांनी खाल्ली. पुढच्या चैत्रात अस्वल आलं. पाड्यावरच्या पोरांनी पाहिलं, ते एका बुडख्यापासून दुसऱ्या बुडख्यापर्यंत हुंगत फिरलं आणि निघून गेलं. हल्ली त्या माळावर माझ्या भावाच्या मुलांचा ऊस आहे, बोअरचं पाणी आहे. मागच्या खेपेला त्यातला एक मला ऐटीत सांगत होता, ‘आत्या, आपल्या इथे पूर्वी कोळशाची खाण होती म्हणे.’ मी म्हटलं, होती तर, आणि कोळसा तुमच्या आजोबांच्या भावाच्या डोक्यात होता. तो हसला. त्याला वाटलं म्हातारी गंमत करते आहे.

त्या चैत्रात अस्वलामागून गोमी आली. सकाळी मी दार उघडलं तर ती पडवीत ओंडक्यावर बसलेली, मांडीवर रिकामी टोपली, पायांना डोंगरातली माती. आई घाईनं बाहेर आली. 

‘गोमी, कशी उनी वं?’ 

‘मोह वेचाले उनू, माय,’ ती म्हणाली. ‘सासूले तेच सांगं.’

‘पन झाड...’

‘मन्हं झाड आठे शे ना,’ गोमीनं ओंडक्यावर हात ठेवला. ‘मंग मी आठेच येसू.’

आई टोपली घेऊन आत गेली आणि ज्वारीनं काठोकाठ भरून आणली, वर घरात उरलेला गुळाचा खडा ठेवला. त्यानंतर दर चैत्रात गोमी येई. पाड्यावर आईबापाकडे राही, पण सकाळचा वेळ आमच्या पडवीत त्या ओंडक्यावर बसे. पहिल्यांदा एकटी, मग कडेवर मूल घेऊन, मग दोन घेऊन. नानांना बाहेर पडायची वाट तीच. करकरणारा जोडा तिच्यासमोरून जाताना जरा जलद वाजे. ‘नाना, रामराम,’ ती प्रत्येक वेळी म्हणे, अगदी सरळ आवाजात. दरवाजा करायचं त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही. ओंडका काढून टाका असं त्यांनी एकदोनदा भिंतीला सांगितलं, पण भिंतीआडून ते कधी वडिलांपर्यंत पोहोचलं नाही.

नाना गेले ते श्रावणात. माझं लग्न झालं होतं, निरोप मिळाल्यावर आम्ही चिखल तुडवत पोहोचलो. आठवडाभर झड लागली होती. नाल्याला पूर, शहाद्याची वाट बंद, गावातलं सरपण सगळं भिजून गळत होतं. मयत ओट्यावर ठेवलेलं, बायका रडत होत्या, पुरुष लाकडासाठी घरोघर फिरून रिकाम्या हातांनी परत येत होते. मग कुणाच्या तरी लक्षात आलं. पडवीत इतकी वर्षं कोरड्यात ठेवलेला मोहाचा ओंडका, हाडासारखा वाळलेला. दोघंजण कुऱ्हाडी घेऊन आले.

आई बायकांमधून उठली. नानांचं मयत तिच्या समोर होतं आणि तिच्या डोक्यावरचा पदर मागे गेला होता, तो तिनं ओढून घेतला नाही. ती जाऊन ओंडक्यापुढे उभी राहिली.

‘याले हात लावू नका. हाई गोमीनं शे.’

रडणं थांबलं. तो आवाज गावातल्या पुरुषांनी तोपर्यंत ऐकलेला नव्हता. गावातले एक वडीलधारे पुढे झाले. ‘वहिनी, मयत दारमा शे. असं काय करतस?’

‘चैतमा ती पोर येई,’ आई म्हणाली. ‘तिले मी काय दखाडू?’

सगळे वडिलांकडे बघू लागले. आयुष्यभर गप्प बसलेले माझे वडील उठले, त्यांनी त्या दोघांच्या हातातल्या कुऱ्हाडी काढून घेतल्या आणि भिंतीला टेकवून ठेवल्या. मग पावसातच बाहेर पडून बांधावरची बाभूळ तोडायला लागले.

ओल्या बाभळीवर, गोवऱ्या रचून आणि रॉकेल ओतओतून, नाना संध्याकाळपर्यंत धुमसत होते. धूर वर जाईना, तो माळावरून खाली गावात उतरला आणि घराघरांत शिरला. स्मशानातून परतलेल्या पुरुषांचे डोळे लाल झाले होते, आणि ते पाहून गावानं म्हटलं, बघा, किती हळहळले लोक. पुढे चैत्रात मी मुद्दाम माहेरी थांबले. गोमी आली, ओंडक्यावर बसली, मुलांना खळ्यात सोडलं. आईनं टोपली भरून आणली. बऱ्याच गोष्टी बोलून झाल्या. नाना कुठे आहेत ते तिनं विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही.